चोरीचा नसलेला कॅमेरा

कॅमेरा विकायचा ठरला तेव्हा कृष्णराज सरांनी पहिली गोष्ट कोणती केली असेल, तर घराचं दार लावून घेतलं. वस्तू विकायची म्हणजे चार लोकांना कळवावं लागतं, आणि कळवायचं तर दार उघडं लागतं, असं शिवांजलीबाईंचं म्हणणं. सरांचं म्हणणं असं, की एवढ्या मोलाची वस्तू घरात आहे हे एखाद्या भलत्याच माणसाला कळलं म्हणजे? वास्तविक ती वस्तू सरांच्या घरात आहे हे ठाऊक नसलेला माणूस भूममध्ये शोधून सापडला नसता. गेली कित्येक वर्षं तो कॅमेरा गळ्यात अडकवून सरांनी तालुक्यातली लग्नं, साखरपुडे, बारशी, झेंडावंदनं आणि दोन पुढाऱ्यांचे वाढदिवस पालथे घातले होते. दार लावल्यानं फरक एवढाच पडला, की घरात उकडायला लागलं.

सर हायस्कूलला चित्रकला शिकवतात. वेतन आयोगाचा फरक एकदम हातात पडला त्या वर्षी गल्लीत कुणी पत्रे काढून स्लॅब टाकला, कुणी मोटारसायकल घेतली. सर पुण्याला गेले आणि मोठ्या फोटोग्राफरांकडं असतो तसला कॅमेरा घेऊन आले. त्या दिवशी शिवांजलीबाईंनी एवढंच विचारलं होतं, "पैसे गेले म्हणायचे का?" त्यावर सर छाती काढून म्हणाले होते, "गेले कुठं? सोनं हाय हे. कधी बी मोडा, चाळीस हजार कुठं गेले न्हाईत." पुरुष माणूस खरेदीच्या आनंदात असं काहीबाही बोलतो आणि विसरतो. सरही विसरले. बाई विसरल्या नाहीत.

यंदा बचत गटानं मिरची कांडपाचं यंत्र घ्यायचं ठरवलं. ज्या बाईनं चाळीस हजार भरायचे तिच्या पडवीत यंत्र बसणार, आणि गल्लीभरच्या मसाल्याचं काम तिच्या हातात येणार. पाडव्यानंतर मसाल्याचा हंगाम, म्हणजे पैसे पाडव्याच्या आत. शिवांजलीबाईंनी भर बैठकीत हात वर केला. घरी आल्यावर सरांना म्हणाल्या, "मी सगळ्या बायांपुढं शब्द दिलाय. तुमच्या शब्दावर दिलाय. कॅमेरा मोडा. न्हाय जमलं तर यंत्र पलीकडच्या गल्लीत दैवशालाबाईच्या पडवीत जाईल, अन् मग मी त्या गल्लीनं जाणार न्हाय, गिरणीला बी न्हाय, दवाखान्याला बी न्हाय." भूमचा दवाखाना त्याच गल्लीनं गाठावा लागतो, तेव्हा प्रकरण गंभीर होतं.

पहिला भाव घरातूनच आला. बाईंचा भाऊ रणधीर, ज्याच्या लग्नाचे फोटोही सरांनीच काढले होते, धाराशिवला मोबाईलचं दुकान चालवतो. त्याला फोन केला तर तो हसायलाच लागला.

"दाजी, आता ह्यो कॅमेरा कोण घेतंय? माझ्या दुकानात दहा हजाराचा मोबाईल त्याच्यापेक्षा साफ फोटो काढतोय. तुम्ही म्हणताव म्हणून पाच देतो. काचेच्या कपाटात शोभेला ठेवीन."

सरांनी फोन ठेवला आणि बराच वेळ विचार केला. वस्तू बिनकामाची असेल तर रणधीर पाच तरी कशाला देतोय? ज्या माणसानं भाऊबीजेला बहिणीला जुन्या मोबाईलचं कव्हर दिलं, तो शोभेवर पाच हजार घालील? याचा अर्थ कॅमेऱ्याची खरी किंमत रणधीरला माहीत आहे, आणि ती पन्नासच्या खाली नाही. हा विचार सरांना इतका पटला की त्यांनी कपाटाला कुलूप लावून किल्ली करगोट्याला बांधली.

शेजारच्या रामलिंग अण्णांना हे सगळं भिंतीपलीकडून ऐकू गेलं होतंच. अण्णा एसटीत तिकीट तपासनीस होते. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, पण माणूस समोर आला की त्यांची नजर आधी त्याच्या वरच्या खिशाकडं जाते. जगात दोनच प्रकारची माणसं असतात, तिकीट न काढलेली आणि जुनं तिकीट दाखवणारी, असं त्यांचं साधारण मत आहे. अण्णांनी सल्ला दिला, "सर, मोबाईलवर जाहिरात टाका. पण गिऱ्हाईक म्हणून जो बोलंल तो चोरच हाय असं धरून चला. शेवटाला न्हाय निघाला तर तेवढंच समाधान."

जाहिरात टाकायची तर कॅमेऱ्याचा फोटो हवा. इथं सरांच्या लक्षात आलं की आपण हजारो फोटो काढले, पण या कॅमेऱ्याचा एकही फोटो आपल्याकडं नाही, आणि त्यालाच त्याचा फोटो काढायला सांगता येत नाही. शेवटी शिवांजलीबाईंच्या मोबाईलवर फोटो काढावा लागला. बाईंनी ताटावर कॅमेरा ठेवला, खिडकी उघडली, एकदा बोट लावलं, झालं. फोटो उत्तम आला. सरांना तो इतका लागला की त्या दिवशी ते नीट जेवले नाहीत. वाईट आला असता तर बरं वाटलं असतं, पण हे बोलायचं कुणापुढं?

जाहिरातीवर पहिला फोन आला तो हिंदीतून. आपण सीमेवर तैनात आहोत, कॅमेरा न बघताच घेतो, भाव करत नाही, पैसे पाठवतो, तुम्ही फक्त हा चौकोन स्कॅन करा, असं बोलणारा फार गोड बोलत होता. सरांचा ऊर भरून आला होता, तेवढ्यात अण्णांनी फोन हिसकावून घेतला. "सीमेवर तुला लग्नाचा कॅमेरा कशाला रे? तिकडं कुणाचं लगीन निघालंय?" पलीकडून फोन बंद झाला. पुढं असले आणखी फोन आले आणि अण्णांना त्यांची चटकच लागली. सकाळी चहा घेऊन ते सरांच्या ओट्यावरच येऊन बसू लागले.

याच भरात खरं गिऱ्हाईक आलं, आणि त्याचं काय झालं ते ऐकण्यासारखं आहे. तेर गावचा सिद्धेश्वर नावाचा तरुण. लग्नाचे फोटो काढायचा धंदा नुकता सुरू केलेला. त्यानं फोनवर पहिला प्रश्न विचारला, "सर, शटर काउंट किती झालाय?"

ज्यांना या धंद्यातलं ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगायला हवं. जुनी जीप घेताना ती किती किलोमीटर पळाली हे विचारतात, तसं जुन्या कॅमेऱ्याचं शटर किती वेळा उघडमीट झालं ते विचारतात. तो आकडा कॅमेऱ्याच्या पोटातच असतो. प्रश्न रास्त होता. पण सरांना वाटलं, हा आपल्याला विचारतोय की मास्तर, तुम्ही किती म्हातारे झालात. "दीड लाखाच्या आसपास," ते घुश्श्यात म्हणाले, "पण सगळे चांगल्या घरातल्या लग्नांचे."

सिद्धेश्वर मोटारसायकलवर घरी आला. अण्णांनी त्याचं आधार कार्ड मागितलं, मग वाहन परवाना मागितला, मग दोन्हींवरचे फोटो आणि समोरचा चेहरा ताडून पाहिला आणि म्हणाले, "तिन्हींत फरक दिसतोय." पोरगा भला होता, त्यानं दोन्ही कार्डं मुकाट खिशात ठेवली. त्यानं कॅमेरा हातात मागितला. सरांनी तो दिला, पण गळ्यातला पट्टा काही काढला नाही. कॅमेरा घेऊन पळाला तर? पट्टा आखूड. त्यामुळं सिद्धेश्वरला सरांच्या छातीला गाल लावून भिंगातून पाहावं लागलं. भिंगाला बुरशी आहे का ते त्याला बघायचं होतं आणि दर वेळी सरांच्या शर्टाचं बटण आड येत होतं. शिवांजलीबाई चहा घेऊन बाहेर आल्या, हे दृश्य त्यांनी पाहिलं आणि चहा तसाच आत नेला.

एवढं होऊनही सिद्धेश्वर म्हणाला, "कॅमेरा चांगला ठेवलाय सर. म्हणताव ते देईन म्या. फक्त बिल द्या."

सरांनी अभिमानानं लोखंडी पेटीतून बिल काढलं. प्लास्टिकच्या पिशवीत, पिशवी पाकिटात, पाकीट दुसऱ्या पिशवीत, असं ते जपलेलं होतं. उलगडून पाहतात तो कोरा कागद. त्या दुकानाचं बिल गुळगुळीत कागदावर छापून येणारं होतं, आणि इतक्या वर्षांत त्यावरचं अक्षर न् अक्षर उडून गेलं होतं. सरांनी ते उजेडात धरलं, तिरकं धरलं, अण्णांनी त्यावर फुंकर मारली. सिद्धेश्वर खाली बघत म्हणाला, "राग मानू नका सर, चोरीचा तर न्हाय ना?"

आजवर सर ज्या नजरेनं जगाकडं बघत आले, त्या नजरेनं जगानं त्यांच्याकडं पहिल्यांदा बघितलं. त्यांच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. "काहीतरी कागद आणून दाखवा, पैसे घेऊनच येतो," असं म्हणून सिद्धेश्वर गेला, आणि सर तसेच कॅमेरा गळ्यात घालून पोलीस ठाण्यात पोचले.

ठाण्यात शिवशरण हवालदार मटकी निवडल्यासारखे कागद निवडत बसले होते.

"साहेब, माझा कॅमेरा हाय," सर म्हणाले.

"चोरीला गेला?"

"न्हाय. गेला न्हाय. ह्यो काय गळ्यात."

"मग का आलाव?"

"गेला न्हाय असा दाखला पाहिजे."

हवालदारांनी हातातले कागद खाली ठेवले. नोकरीत त्यांनी बरंच पाहिलं असणार, पण हे नवीन होतं. "सर, गेल्याचा दाखला असतोय. न गेल्याचा नसतोय. उद्या समदं गाव आपापली न गेलेली भांडी घिऊन दारात उभं राहील. तुम्ही असं करा, आधी जाऊ द्या, मग या."

"अहो, पण ह्यो माझाच हाय!"

"कशावरून?"

सरांनी कोरा कागद पुढं केला. हवालदारांनी तो उलटसुलट पाहिला, मग सरांकडं पाहिलं, मग कॅमेऱ्याकडं, आणि अतिशय सावकाश विचारलं, "कुठून आणलाव म्हणालाव?" दाखला मागायला गेलेले सर तासाभरानं बाहेर पडले तेव्हा त्यांचं नाव, पत्ता आणि कॅमेऱ्याचं वर्णन ठाण्याच्या वहीत चढलं होतं.

संध्याकाळपर्यंत गावात बातमी झाली, की फोटोवाल्या सरांना कॅमेऱ्याच्या भानगडीत ठाण्यात बसवून ठेवलं. दुसऱ्या दिवशी वर्गात सरांनी "रंगपेटी कुणी घेतली?" असं विचारल्यावर मागच्या बाकावर खसखस पिकली. तेरहून सिद्धेश्वरचा फोन आला, "सर, राहू द्या. माझा नवा धंदा हाय, लफडं नको." शिवांजलीबाईंनी पडवी सारवून यंत्रासाठी जी जागा मोकळी केली होती, तिथं फक्त एक रिकामं पोतं आणून टाकलं. सरांना ते पोतं बघवेना. लोकांनी चोर म्हटल्याचं जेवढं लागलं नव्हतं, तेवढं ते पोतं लागलं, आणि ते खरोखरच रडकुंडीला आले.

पाडवा आठवड्यावर आला आणि दारात मल्हार उभा राहिला. मल्हार ईट गावचा. शेळ्या-बोकडांची दलाली करतो. सरांना त्यानं वाकून नमस्कार केला आणि म्हणाला, "सर, चोरीचा कॅमेरा विकायलाव म्हणं?"

"चोरीचा न्हाय!"

"असला तर असला. आमाला काय करायचं? म्हंजी स्वस्तात बसंल, एवढंच."

सरांनी दार लावलंच असतं, पण ओट्यावरून अण्णा म्हणाले, "बोलू द्या त्याला. हा उघड उघड चोर दिसतोय, म्हणजे धोका कमी." मग मल्हारनं आपली अडचण सांगितली. त्याचं बोकड मोबाईलवरून पुण्या-मुंबईपर्यंत जातं. पण आपल्याकडचा बोकड काळा कुळकुळीत. मोबाईलमध्ये त्याचा फोटो काढला की नुसता अंधार येतो, आणि अंधाराला दोन कान. "गिऱ्हाईक म्हणतंय डोळे कुठं हायत? म्या म्हणतो हायत, तर त्येनला इश्वासच न्हाय. तुमच्या कॅमेऱ्यात काळ्यातलं काळं दिसतंय का?"

या प्रश्नानं सर एकदम ताठ झाले. काळ्यातलं काळं! काळ्या शेरवानीतला काळा नवरदेव त्यांनी आयुष्यभर काढला होता. "दिसतंय का म्हणजे? केस न् केस मोजून घे. पण चाळीस हजार. एक रुपया कमी न्हाय."

"चालतंय. पण बैल घेताना आमी औताला जुपून बघतो. ह्येला बी जुपून बघणार. बाजाराच्या दिवशी बोकडांच्या बाजारात या."

बाजाराच्या दिवशी सर आणि अण्णा बोकडांच्या बाजारात दाखल झाले. सरांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता, अण्णांनी निघताना बजावलं होतं की बोटातली अंगठी सांभाळा. उन्हाचा कडाका, लेंड्यांचा वास, आणि चहूबाजूंनी माणसं एकमेकांच्या बोकडांच्या तोंडात बोटं घालून दात बघताहेत. इथं कुणी कुणावर विश्वास ठेवत नव्हतं, आणि त्याबद्दल कुणाला वाईटही वाटत नव्हतं. अण्णांना फार मोकळं वाटलं. आपण आपल्या माणसांत आलो, असं त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होतं.

मल्हारनं आपला नवा बोकड पुढं आणला. मागच्याच बाजारात त्यानं तो शरणप्पा नावाच्या मोठ्या व्यापाऱ्याकडून घेतला होता, डाग नसलेला काळाभोर म्हणून. सर गुडघ्यावर बसले. त्यांनी उन्हाची दिशा पाहिली, बोकडाला "हनुवटी जरा वर" असं सवयीनं सांगितलं, आणि बोकडानं खरोखर मान वर केली. खटक. सरांच्या अंगावर काटा आला. बऱ्याच दिवसांनी तो आवाज त्यांच्या कानावर पडत होता.

मल्हारनं मागच्या पडद्यावर फोटो पाहिला. डोळे दिसत होते, पापण्या दिसत होत्या. "वा!" तो म्हणाला. मग सरांनी हौसेनं फोटो मोठा करून दाखवायला सुरुवात केली. मानेवरचा काळा काळाच होता. पण पाठीमागचा काळा उन्हात तांबूस मारत होता. आणखी मोठं केलं, तर केसांच्या मुळाशी पांढरं.

"ह्ये काय वं?" मल्हारनं विचारलं.

"रंग लावलाय," सर सहज म्हणाले. नवरदेवांच्या मिशांमुळं त्यांना याचा भरपूर सराव होता. "केसांचा काळा रंग उन्हात असाच दिसतो. मागं मोठा पांढरा डाग असणार."

मल्हारनं धोतराचा सोगा थुंकीनं ओला करून बोकडाच्या पाठीवर घासला. सोगा काळा झाला. तो तसाच सोगा धरून शरणप्पाकडं धावला, आणि पुढं जे बोलणं झालं ते इथं लिहिण्यासारखं नाही. त्या भांडणाला गर्दी जमली, गर्दीनं सरांच्या कॅमेऱ्यात डोकी घातली, आणि एका शेतकऱ्यानं हातातली शेळी पुढं ढकलून विचारलं, "सर, ही आत्ताच घ्यायलोय. हिचे बी दात काढा की."

सरांनी दात काढले. मोठे करून पाहिले. दातांवर कानशीचे ओरखडे होते. म्हातारीचे दात घासून तिला तरणी केली होती. पुढच्याच्या बोकडाचं मोडलेलं शिंग सुतार भेगांत भरतात तसली लांबी भरून जोडलेलं निघालं. आणखी एकाच्या कानावरचे पांढरे ठिपके चुन्याचे निघाले. ज्याचं बिंग फुटे तो सरांना शिव्या देई, ज्याचे पैसे वाचत तो पाया पडे. अण्णा ओळ लावून देत होते. "एकेक या, एकेक. तुमचा बोकड कुठाय? दाखवा." इतक्या आनंदात ते निवृत्त झाल्यापासून दिसले नव्हते.

थोड्याच वेळात बाजार थांबला. घेणारे म्हणू लागले, सरांनी फोटो काढल्याशिवाय घेणार नाही. विकणारे म्हणू लागले, असं असेल तर जनावर परत नेतो. दावणीच्या मागं व्यापाऱ्यांचं कोंडाळं जमलं. मघाशी एकमेकांच्या गळ्याला गेलेले मल्हार आणि शरणप्पा आता त्यात खांद्याला खांदा लावून बोलत होते, कारण मल्हारनंही सकाळी एक शेळी विकली होती आणि तिच्या शिंगात थोडी लांबी होतीच. कोंडाळ्यातून मल्हार बाहेर आला. खांद्यावरचा टॉवेल त्यानं हातावर पसरला.

"सर, हात द्या."

बाजारात भाव तोंडानं करत नाहीत. टॉवेलाखाली हातात हात घालायचा आणि बोटं दाबून आकडा सांगायचा, म्हणजे भोवतालच्यांना पत्ता लागत नाही. सरांना हे ऐकून माहीत होतं, पण कोणत्या बोटाचे किती ते माहीत नव्हतं. त्यात अण्णा मागून कानात पुटपुटले, "अंगठी!" सरांनी टॉवेलाखाली हात घातला आणि घातल्याबरोबर मूठ घट्ट मिटली.

आता टॉवेलाखाली मिटलेली मूठ म्हणजे परवडत नाही, हे तिथं शेळ्यांनासुद्धा ठाऊक होतं. मल्हारनं बोटं चाचपली. मूठ. त्यानं कोंडाळ्याकडं पाहिलं, कोंडाळ्यानं मान हलवली, त्यानं पुन्हा चाचपलं. सरांना वाटलं, हा अंगठी सैल करतोय. त्यांनी मूठ आणखी आवळली. मल्हारच्या कपाळावर घाम आला. शरणप्पानं खिशात हात घातला, मग दुसऱ्यांनी घातले. सरांची नखं तळव्यात रुतली होती, दात ओठावर आले होते, आणि समोरचे व्यापारी आपसांत म्हणत होते, "मास्तर लई कडू हाय बाबा."

शेवटी मल्हार ओरडलाच, "अवो, चाळीसचे चाळीस देतो! तुमी म्हणलाव तेवढं! आता तरी सोडा की!"

सरांची मूठ आपोआप उघडली. सौदा झाला.

"पण मला वाटलं तुम्हाला एकट्याला हवाय," सर गोंधळून म्हणाले. "एवढ्या जणांत वापरणार कसा?"

"वापरायला कोण घ्यायलंय?" शरणप्पा म्हणाले. "ह्यो कॅमेरा ह्या बाजारात पुन्यांदा दिसायचा न्हाय, म्हणून वर्गणी काढलीय. अन् तुमी बी दुसरा घिऊन यायचं न्हाय. बोला, कबूल?"

जनावर पावतीशिवाय बाजाराबाहेर जात नाही, म्हणून पावती फाडणाऱ्याला बोलावलं. त्याच्याकडं कॅमेऱ्याची पावती नव्हती, पण पावतीवाचून तो सोडेना. त्यानं बोकडाच्याच पावतीवर लिहिलं: रंग काळा, शिंगे नाहीत, खूण डाव्या अंगाला ओरखडा. दातांच्या रकान्यापाशी तो अडला तेव्हा अण्णांनी सांगितलं, "दीड लाख." त्यानं तेही लिहिलं.

शरणप्पांनी कॅमेरा पेंडीच्या पोत्यात टाकला आणि पोत्याचं तोंड सुतळीनं आवळलं. सरांना राहवेना. ते दोन पावलं गेले आणि परत आले. "बॅटरी काढून ठेवा हं. अन् दमट जागी नको, भिंगाला बुरशी धरते."

"पेंड कोरडीच असतीया," शरणप्पा म्हणाले आणि पोतं टेम्पोत फेकलं. डोळे पुसायला सरांनी खिशातला रुमाल काढला, तेवढ्यात अण्णांनी त्यांचा खिसा चाचपून पैसे जागेवर आहेत का ते पाहून घेतलं.

घरी येऊन सरांनी नोटा शिवांजलीबाईंपुढं ठेवल्या. बाईंनी हात लावला नाही.

"कुणी दिले?"

"शेळ्यांच्या व्यापाऱ्यांनी."

"तुमच्या कॅमेऱ्याचे? शेळ्यावाल्यांनी?"

"कलेची कदर असते एकेकाला," सर भिंतीकडं बघत म्हणाले.

बाईंनी वरची नोट उचलून उजेडात धरली. नोट खरी होती, त्यामुळं त्यांचा संशय आणखी वाढला. "रणधीर पाच म्हणला. तेरचं पोरगं घाबरून गेलं. ठाण्यात तुमचं नाव लागलं. अन् आज शेळ्यावाले चाळीस देतेत? खरं सांगा, कुणाला फसवून आणलेत?"

"जुनी वस्तू म्हणून हौसेनं ठेवणारे असतात काही," सरांनी आणखी एक प्रयत्न केला.

"मी हे पैसे गटात भरणार न्हाय," बाई म्हणाल्या आणि त्यांनी हातातली नोट परत ठेवली. "यंत्र जाऊ द्या दैवशालाबाईकडं. फसवाफसवीच्या पैशावर मला मिरच्या कांडायच्या न्हाईत."

आता मात्र सरांचा धीर सुटला. बाजारातून घरापर्यंत जे बोलायचं नाही असं त्यांनी ठरवलं होतं, ते सगळं तोंडावर आलं. खाली मान घालून ते म्हणाले, "मी परत फोटो काढू नयेत म्हणून दिले. सगळ्यांनी वर्गणी काढून दिले."

शिवांजलीबाईंनी त्यांच्याकडं टक लावून पाहिलं. मग त्यांच्या कपाळावरची आठी गेली, चेहरा मोकळा झाला, आणि त्यांनी सगळ्या नोटा गोळा करून पदराच्या टोकात बांधल्या.

"असं व्हय," त्या म्हणाल्या. "मग खरं असंल. माझ्या भावाच्या लग्नात कुणी अशी वर्गणी काढली असती, तर मी बी दिली असती."